आठवा संगणक

१ ऑगस्ट २०१२ ची सकाळ. न्यूयॉर्कचा शेअरबाजार नेहमीप्रमाणे साडेनऊ वाजता उघडला. नाइट कॅपिटल ही तेव्हाच्या अमेरिकेतील मोठ्या शेअरदलाल कंपन्यांपैकी एक. गिऱ्हाइकाची मागणी आली की तिचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि जेथे भाव बरा असेल त्या बाजारात एकेक तुकडा पाठवायचा, हे काम तेथे माणसे करीत नसत. आठ संगणक मिळून ते करीत. त्या दिवशी बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यासाठी तयार केलेली नवी आज्ञावली आधीच्या काही दिवसांत या आठ संगणकांवर चढवण्यात आली होती. अगदी नेमके सांगायचे तर सात संगणकांवर. आठव्यावर ती चढवायची राहून गेली, आणि राहून गेली हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आता तुम्ही म्हणाल, आठांपैकी एक संगणक जुनाच राहिला तर एवढे काय बिघडले? नव्या योजनेचे काम तो करणार नाही, इतकेच ना? पण खरी गोम पुढेच आहे. या संगणकांवर 'पॉवर पेग' नावाची एक जुनीपुराणी आज्ञावली पडून होती. २००३ पासून ती कोणी वापरीत नव्हते, पण पुसूनही टाकलेली नव्हती. ती जागी करण्यासाठी पूर्वी एक खूण वापरीत असत. नवी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तीच खूण नव्या कामासाठी घेतली. म्हणजे मागणीबरोबर ती खूण आली की सात संगणक नवे काम करणार आणि आठवा मात्र त्या झोपलेल्या पॉवर पेगला उठवणार!

शिवाय पॉवर पेगला थांबायचे कधी हे आता कळत नव्हते. हजार शेअर मागितले आणि हजार मिळाले, की पुरे, असे सांगणारा मोजणीचा भाग २००५ मध्ये तेथून हलवून दुसरीकडे नेला होता. त्यामुळे आठवा संगणक मागण्या पाठवतच राहिला. पंचेचाळीस मिनिटांत २१२ मागण्यांपोटी चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले, १५४ कंपन्यांचे सुमारे ३९ कोटी ७० लाख शेअर इकडचे तिकडे झाले आणि नाइट कॅपिटलचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे अडीच हजार कोटी रुपये होतात. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. गडबड सुरू झाल्यावर तेथील तंत्रज्ञांना वाटले की दोष नव्या आज्ञावलीतच असणार. म्हणून त्यांनी ती सातही संगणकांवरून काढून टाकली. झाले! आता आठही संगणक अगदी एकसारखे झाले, पण आठव्यासारखे. नुकसान कमी होण्याऐवजी वाढले. कोणत्या संगणकावर या क्षणी काय आहे, हे ठामपणे सांगणारे त्या खोलीत काहीच नव्हते.

संरूपण म्हणजे काय?

दहावीच्या वर्गात येईपर्यंत तुम्ही सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण लिहायला शिकलेले असता: २, ८, १. संगणकाच्या बाबतीतही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, कॉन्फिगरेशन. संगणकावर कोणत्या आज्ञावल्या आहेत, त्यांची आवृत्ती कोणती, कोणते दार उघडे आणि कोणते बंद, कोणाला आत येण्याची परवानगी आहे, घड्याळ कोणाकडून लावून घ्यायचे, अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी मिळून त्याचे संरूपण होते. फरक एवढाच की सोडियमचे सगळे अणू निसर्गानेच एकसारखे केले आहेत. मुंबईतला सोडियम आणि सूर्यावरचा सोडियम यांत फरक शोधूनही सापडणार नाही. संगणकांचे तसे नाही. त्यांना सारखे ठेवावे लागते.

आणि आजचे कोणतेही मोठे काम एका संगणकावर होत नाही. रेल्वेचे आरक्षण असो, बँक असो, की दूरच्या खगोलीय स्रोतांकडून आलेल्या संदेशांचे विश्लेषण असो, शेकडो-हजारो संगणक ते वाटून घेतात. अशा यंत्रणेला वितरित यंत्रणा म्हणतात. प्रत्येकावर जाऊन हाताने बदल करायचा ठरवला तर काय होईल, याचे गणित तुम्हीच करून पाहा. समजा, काम करणारा माणूस फार काळजीवाहू आहे आणि शंभर वेळांत एकदाच चुकतो. एका संगणकाचे काम बरोबर होण्याची संभाव्यता ०.९९. आठही बरोबर होण्याची संभाव्यता ०.९९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.९२. ठीक आहे. शंभर संगणक असतील तर ०.३७, म्हणजे कुठेतरी चूक होण्याचाच संभव अधिक. आणि हजार असतील तर? लॉगॅरिथमचे कोष्टक घेऊन बसा. सगळे बरोबर होण्याची शक्यता तेवीस हजारांत जेमतेम एक उरते. माणूस तोच, काळजीही तेवढीच. फक्त संख्या वाढली.

मग हे काम संगणकाकडूनच का करून घेऊ नये? घेतातच. त्यासाठी खास साधने आहेत आणि त्यांतले कोणते निवडावे यावर जाणकारांमध्ये कडाक्याचे वाद होतात. पण वादात शिरण्यापूर्वी या साधनांच्या मुळाशी असलेली कल्पना समजून घेऊ, कारण ती कल्पना मोठी सुंदर आहे.

'काय कर' आणि 'कसे असावे'

जुन्या पंख्याची दोरी आठवा. एकदा ओढली की पंखा चालू, पुन्हा ओढली की बंद. अंधारात तुम्ही कोणाला "दोरी ओढ" असे सांगितले तर पंखा चालू होईल की बंद, हे आधीच्या स्थितीवर अवलंबून राहील. आता लिफ्टचे बटण घ्या. तिसऱ्या मजल्याचे बटण एकदा दाबा, नाहीतर उतावळेपणाने दहा वेळा दाबा, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरच जाणार. पहिली आज्ञा 'काय कर' हे सांगते, तर दुसरी 'शेवटी कसे असावे' हे सांगते.

गणितात दुसऱ्या प्रकारच्या क्रियेला नाव आहे. अमेरिकन गणिती बेंजामिन पिअर्स यांनी १८७० मध्ये तिला 'आयडेम्पोटंट' म्हटले. आपण वर्गसम म्हणू. वर्ग केला तरी जी संख्या तेवढीच राहते ती वर्गसम. अशा संख्या दोनच, ० आणि १. संख्येचे केवलमूल्य काढण्याची क्रियाही तशीच. उणे पाचाचे केवलमूल्य पाच, आणि त्याचे पुन्हा काढले तरी पाचच.

आता समजा, संगणकाच्या एखाद्या नोंदवहीत नव्या छपाई यंत्राचा पत्ता लिहायचा आहे. "ही ओळ शेवटी जोड" अशी आज्ञा दिली आणि ती चुकून दोनदा पाळली गेली, तर ओळ दोनदा येईल. त्याऐवजी "ही ओळ वहीत एकदा असावी" असे सांगितले तर साधन आधी पाहील. नसेल तर लिहील, असेल तर हात लावणार नाही. हजार संगणकांपैकी कोणावर काम झाले, कोणावर अर्धवट राहिले, कोण त्या वेळी बंद होता, याची चिंताच संपली. सगळ्यांना पुन्हा तीच आज्ञा द्यायची. नाइट कॅपिटलच्या आठव्या संगणकाला नेमके हेच हवे होते.

या विचाराला साधनाचे रूप देणारा माणूस भौतिकशास्त्रज्ञ होता, हे सांगताना माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला थोडा अभिमान वाटला तर तुम्ही क्षमा कराल. मार्क बर्जेस हे मूळचे ब्रिटनचे. १९९३ मध्ये ते ओस्लो विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीत संशोधन करीत होते. विभागातील संगणक निरनिराळ्या कंपन्यांचे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यांच्या देखभालीसाठी बर्जेस यांनी सीएफएंजिन हे साधन लिहिले. पुढे १९९८ मध्ये त्यांनी एक निबंध लिहून असे सुचवले की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जशी कोणी न सांगता काम करते, तशी संगणकानेही आपली प्रकृती आपणच सांभाळावी.

त्यांची दृष्टी भौतिकीतल्या स्थिर समतोलाची होती. गोल वाटीत गोटी सोडा. कोठूनही सोडली तरी ती डुलत डुलत तळाशी येऊन थांबते. धक्का दिला तरी पुन्हा तेथेच येते. संगणकाची इच्छित स्थिती म्हणजे वाटीचा तळ आणि साधनाचे काम म्हणजे वाटीचा उतार. संगणकाला धक्के सतत बसतच असतात. कोणी घाईत एखादी गोष्ट बदलतो, कोणी तात्पुरती दुरुस्ती करतो आणि विसरतो. हळूहळू एकसारखे संगणक एकमेकांपासून दूर सरकू लागतात. म्हणून साधन एकदा चालवून भागत नाही, पुन्हा पुन्हा चालवावे लागते. सीएफएंजिन सामान्यतः दर पाच मिनिटांनी फेरी मारते.

एक गमतीचा प्रयोग करून पाहा. गणनयंत्र कोन रेडियनमध्ये मोजेल असे ठेवा, कोणतीही संख्या घाला आणि 'कॉस'चे बटण दाबत राहा. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर ०.७३९०८५ पाशी आकडे जवळजवळ थिजतात. मैत्रिणीने वेगळ्या संख्येपासून सुरुवात केली तरी तीही तेथेच पोचेल. ही क्रिया वर्गसम नाही, कारण ती एका दाबात पोचत नाही. पण पोचते खरी. बर्जेस यांना अभिप्रेत होते ते हेच अभिसरण: एका फेरीत नाही जमले तर दोन-तीन फेऱ्यांत, पण जायचे एकाच जागी.

शिपाई की सूचनाफलक?

सीएफएंजिननंतर अशी अनेक साधने आली. २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट, २०१२ मध्ये ॲन्सिबल. नावे मोठी मजेदार आहेत: कळसूत्री बाहुली, आचारी, मीठ! ॲन्सिबल हा शब्द मूळचा अर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ मधील विज्ञान कादंबरीतला. ताऱ्याताऱ्यांमधले अंतर क्षणात ओलांडून निरोप पोचवणाऱ्या यंत्राला तिने हे नाव दिले होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात असे यंत्र बसत नाही, पण नाव छान आहे.

इच्छित स्थितीचे वर्णन एके ठिकाणी लिहून ठेवायचे, ही गोष्ट सर्वांना समान. ते वर्णन संगणकांपर्यंत कसे पोचते, यात मात्र फरक आहे, आणि तो तुम्हाला शाळेतच पाहायला मिळेल. मुख्याध्यापकांची सूचना वर्गावर्गात दोन रीतींनी जाऊ शकते. एक तर शिपाई सूचनावही घेऊन प्रत्येक वर्गात जातो, सूचना वाचली जाते आणि शिक्षक सही करतात. किंवा सूचना फलकावर लागते आणि प्रत्येक वर्गाचा मॉनिटर ठरावीक वेळाने जाऊन ती वाचून येतो. ॲन्सिबल पहिल्या रीतीने चालते. एका संगणकावरून ते एकेका संगणकाकडे जाते, काम करून परत येते. पपेट आणि शेफ साधारणपणे दुसऱ्या रीतीने चालतात. प्रत्येक संगणकावर त्यांचा एक मॉनिटर बसलेला असतो आणि तो, विशेष काही ठरवले नसेल तर, दर अर्ध्या तासाने मध्यवर्ती संगणकाला "माझ्यासाठी काय?" असे विचारतो. सॉल्टचेही मॉनिटर असतात, पण ते मध्यवर्ती संगणकाशी सतत जोडलेले राहतात, त्यामुळे निरोप फार झपाट्याने जातो.

शिपायाच्या रीतीत सोय मोठी. मॉनिटर नेमायला नको, आज ठरवले आणि आज सुरू केले. सही नसलेला वर्ग वहीत लगेच दिसतो. पण शिपाई आला तेव्हा आठवी ब मैदानावर होती, तर त्यांच्याकडे पुन्हा जायची आठवण कोणीतरी ठेवली पाहिजे. फलकाच्या रीतीत मैदानावरून परतलेला मॉनिटर आपणहून फलक वाचतो. उलट, हजार मॉनिटर एकाच मिनिटाला फलकापाशी जमले तर चेंगराचेंगरी होते, म्हणून त्यांना मुद्दाम थोड्या वेगवेगळ्या वेळी पाठवावे लागते. आणि प्रत्येक वर्गात मॉनिटर जागा आहे ना, हेही पाहावे लागते. संगणक वीस-पंचवीस असतील तर शिपाई बरा. हजारो असतील, सतत चालू-बंद होत असतील आणि कोणीतरी त्यांत गुपचूप बदल करील अशी भीती असेल, तर फलक बरा, असे माझे मत आहे. दुसरे कोणी वेगळे सांगेल. शिपायालाच दर तासाला फेरी मारायला लावता येते, हेही खरे.

वर्णन लिहिण्याची भाषाही पाहावी लागते. ॲन्सिबलमध्ये ते जवळजवळ साध्या यादीसारखे असते आणि वरून खाली या क्रमाने पाळले जाते. शेफमध्ये रूबी ही पूर्ण संगणकभाषा वापरतात. ताकद जास्त, शिकण्याचे कष्टही जास्त. पपेटची स्वतःची भाषा आहे. तीत कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर अवलंबून आहे ते सांगता येते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. हिग्ज कणाचा शोध तेथे लागल्याचे ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाले, हे तुम्ही वाचले असेल. प्रयोगातून येणाऱ्या प्रचंड माहितीची छाननी जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्यात होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्या जाळ्यातले एक केंद्र. खुद्द सर्नमध्ये संगणकांच्या संरूपणासाठी क्वाटर नावाचे साधन होते आणि ते घडवण्यात सर्नचाच मोठा वाटा होता. साधन वाईट नव्हते. तरी २०१२ च्या सुमारास त्यांनी ते सोडून पपेट घेतले. कारण असे की बाहेरच्या जगात हजारो लोक पपेट वापरीत होते. नव्याने आलेला तरुण ते शिकूनच येई, आणि अडले तर विचारायला जगभर माणसे होती. अणूच्या अंतरंगाचा ठाव घेणाऱ्यांनी आपले घरचे साधन बाजूला ठेवून चारचौघांचे साधन घेतले. यात कमीपणा काहीच नाही. स्वतः केलेल्या साधनाची देखभालही स्वतःच करावी लागते.

मात्र चारचौघांच्या साधनाचे मालक बदलतात. ॲन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटने घेतले, शेफ आणि सॉल्ट २०२० मध्ये आणि पपेट २०२२ मध्ये दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. एका साधनाच्या भाषेत लिहिलेले वर्णन दुसऱ्याला समजत नाही. म्हणून आपण जे वर्णन लिहितो ते साध्या मजकुराच्या रूपात आपल्याजवळ, प्रत्येक बदलाची तारीख आणि करणाऱ्याचे नाव यांसह, जपून ठेवलेले बरे.

अलीकडे आणखी एक रीत रूढ झाली आहे. पितळी तांब्या रोज घासून चकचकीत ठेवायचा, की मातीचे कुल्हड वापरून टाकून द्यायचे आणि नवे घ्यायचे? २०१३ मध्ये आलेल्या डॉकरसारख्या साधनांमुळे आज्ञावली आणि तिला लागणारे सगळे साहित्य एका बंद पेटीत भरून पाठवता येते. बदल हवा असेल तर पेटीत हात घालायचा नाही. नवी पेटी आणायची, जुनी फेकायची. अशा पेट्या सांभाळणारे कुबरनेटीस हे गूगलने २०१४ मध्ये खुले केलेले साधनही "पेट्या पाच असाव्यात" एवढेच ऐकते आणि एखादी बंद पडली की स्वतःच दुसरी उभी करते. वाटी आणि गोटी येथेही आहेच.

एका चुकीचे लाखो संगणक

आतापर्यंत वाचून असे वाटेल की साधन घेतले की प्रश्न मिटला. १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते पाहा. क्राउडस्ट्राइक ही संगणकांचे घातपातापासून रक्षण करणारी अमेरिकन कंपनी. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी संरूपणाची एक लहानशी फाइल जगभर पाठवली. फाइलमध्ये दोष होता. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि दुरुस्ती? जो संगणक धड सुरूच होत नाही त्याला निरोप तरी कसा पोचणार? बऱ्याच ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

नाइट कॅपिटलमध्ये एका संगणकाला निरोप पोचला नाही. येथे चुकीचा निरोप सगळ्यांना, अगदी बिनचूक पोचला. यावरचा उपाय जुना आहे. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत १९८० च्या दशकापर्यंत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाच्या आधी त्या पक्ष्यावर होई आणि कामगारांना बाहेर पडायला अवधी मिळे. त्याचप्रमाणे नवे संरूपण आधी दोन-चार संगणकांवर चढवतात, थोडा वेळ वाट पाहतात, मग शंभरांवर, मग उरलेल्यांवर. त्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले. साधन निवडताना त्यात ही सोय सहज आहे का, हे अवश्य पाहावे.

आणि नाइट कॅपिटलला चांगल्या साधनाने वाचवले असते का? आठवा संगणक वेगळा आहे हे त्याने नक्कीच दाखवले असते. पण बाद झालेली आज्ञावली वर्षानुवर्षे पडू देणे आणि जुनीच खूण नव्या अर्थाने वापरणे, हे कोणतेही साधन अडवू शकत नाही. चौकशीत असेही दिसून आले की त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने पॉवर पेगचा उल्लेख असलेली ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना आपोआप पाठवली होती. ती धोक्याची सूचना आहे असे समजून कोणी पावले उचलली नाहीत.

तुमच्या शाळेत संगणक कक्ष असेल आणि शिक्षकांना हे करून पाहायचे असेल, तर ॲन्सिबलपासून सुरुवात करणे सोपे जाईल. ते फुकट मिळते आणि इतर संगणकांवर मॉनिटर बसवावा लागत नाही. ज्या संगणकावरून ते चालवायचे तो मात्र लिनक्स किंवा तत्सम यंत्रणेचा हवा. पहिले वर्णन अगदी साधे लिहा: सर्व संगणकांची घड्याळे एकाच ठिकाणाहून लावलेली असावीत, आणि अमुक एक आज्ञावली सगळ्यांवर असावी. प्रत्यक्ष बदल न करता नुसते "काय बदलेल ते सांग" असे विचारण्याची सोय त्यात आहे, ती आधी वापरा. मग एका संगणकावर चालवा, मग सर्वांवर. शेवटी लगेच दुसऱ्यांदा चालवा. पडद्यावर प्रत्येक संगणकापुढे बदलांची संख्या छापली जाते. या दुसऱ्या खेपेला ती सगळीकडे शून्य यायला हवी. एखाद्या संगणकापुढे शून्य आले नाही, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा.